पांगुळगाड्याची दांडी

दि. ८ डिसेंबर

ती. बाबांना
शि. सा. न. वि. वि.

काय झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. तुम्ही पाठवलेला पांगुळगाडा मंगळवारी पोहोचला. खोका शाबूत होता.

२. चाकं, पेटी, दोन्ही उभे खांब आणि वरची आडवी दांडी मी हात फिरवून तपासली. कुठे कुसळ नाही, बोट अडकेल अशी फट नाही.

३. गाडा उतरत्या फळीवर ठेवून पाहिला. उलटला नाही.

४. दांडीला मधोमध बादली टांगली आणि तिच्यात मगाने पाणी ओतत गेले.

५. बादली पाऊण भरली तेव्हा दांडी मोडली. मधोमध नाही, डाव्या टोकाजवळ.

६. खुंटी त्या वेळी आतल्या खोलीत तिच्या बाबाच्या पोटावर बसली होती. तिला काही झालं नाही. फरशी ओली झाली.

७. दांडीच्या डाव्या भागावर बारीक खळगे आहेत, दोन ओळींत. हत्याराच्या खुणा असाव्यात.

माझं काम तुम्हाला माहीत आहे, तरी आई हे पत्र वाचतील म्हणून लिहिते. आमच्या प्रयोगशाळेत लहान मुलांच्या खुर्च्या, पाळणे, झोपाळे येतात. आम्ही ते ओढतो, कलंडवतो, आपटतो. जे मोडतं ते दुकानात जात नाही. घरात येणाऱ्या वस्तूंनाही मी हेच करते. खुंटीच्या जेवायच्या खुर्चीवर मी आधी वाण्याकडून आणलेलं पोतं बसवलं होतं. तुमच्या चिरंजीवांचं म्हणणं पडलं की गाडा वाहतुकीत मोडला असं लिहावं, कशाला उगाच. मला ते पटलं नाही. मोडलेली जागा पाहून तुम्हाला एका नजरेत कळलं असतं.

तुम्ही ठेवलेलं नाव मुलीला रोज जास्त शोभू लागलं आहे. जिथे उभी करावी तिथे खुंटी ठोकल्यासारखी उभी राहते. पलंगाची कड धरते, आमच्याकडे बघून हसते, पण पाऊल म्हणून उचलत नाही. डॉक्टरांनी काळजीचं कारण नाही म्हणून सांगितलं आहे. वर दोन, खाली दोन असे चार दात आले आहेत आणि हाताला लागेल ते त्यांच्याखाली जातं. म्हणून गाड्याला कोणतं पॉलिश लावलंत ते कळवावं.

आमच्या रस्त्यावर सुट्ट्यांचे दिवे लागले आहेत, या खांबापासून त्या खांबापर्यंत माळा. संध्याकाळी ते लागले की ती तोंड उघडं टाकून बघत राहते आणि टाळ्या वाजवते. आपणच ते लावले असं तिला वाटत असावं. प्रयोगशाळेत कोणीतरी ओढायच्या यंत्राच्या वरच्या जबड्याला कागदाची चांदणी बांधली आहे. ती काढायला कोणाचा हात होत नाही, त्यामुळे सध्या प्रत्येक तपासणीबरोबर चांदणी वर जाते आणि खाली येते.

चोवीस तारखेपासून मला सुट्टी आहे. तुम्ही दोघं यायचं आणि तीन तारखेचा पहिला वाढदिवस करूनच जायचं असं ठरलेलं आहे. खोली तयार आहे.

लोभ आहे तेवढा राहू द्यावा, ही विनंती.

आपली
सून


दि. १२ डिसेंबर

चि. सौ. तपासनीसबाईंस
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या सासूने फोडलं, मी वाचलं, मग तिने वाचलं आणि तेव्हापासून ती माझ्याशी फार गोड बोलते आहे. त्यावरून पत्र किती वाईट आहे ते कळलं. एरवी मला पत्रच बरं वाटतं. करवतयंत्राने माझे कान खाल्ले, फोनवर तुझा आवाज डास गुणगुणल्यासारखा येतो, आणि सासू मध्ये बसून तू सांगितलेलं गाळून गाळून, साखर घालून मला सांगते. तुझं पत्र बिनसाखरेचं असतं.

बादली टांगलीस त्याचं मला काही वाटलं नाही. आम्ही ज्यांच्या हाताखाली शिकलो ते उस्ताद नवीन स्टूल झालं की ज्याने केलं त्यालाच त्याच्यावर उभं करायचे आणि स्वतः खाली बसून चहा प्यायचे. चहा संपेपर्यंत उतरायचं नाही. उस्ताद चहा मुद्दाम फुंकून फुंकून प्यायचे. स्टूल मोडलं की पडणारा एक आणि हसणारे बाकी सगळे. माझं पहिलं स्टूल मोडलं तेव्हा मी शेजारच्याच्या सरसाच्या डब्यात पडलो होतो. उस्ताद आज असते तर त्यांनी तुला कामावर घेतलं असतं आणि मला घरी पाठवलं असतं.

पॉलिश म्हणजे मेण आणि जवसाचं तेल, दुसरं काही नाही. खुंटीने चाटलं तरी चालेल. तू एव्हाना चाटून पाहिलंच असशील.

सातव्या कलमाबद्दल. ते खळगे हत्याराचे नाहीत. हत्याराची खूण अंगावर घेऊन माझ्या कारखान्यातून आजवर काही बाहेर पडलेलं नाही. एवढंच लिहितो.

आता येण्याचं. या सुट्टीत जमेलसं दिसत नाही. वर्षअखेरीला कारखान्याची किल्ली देऊन टाकतो आहे. सुतारकाम शिकवणारी एक शाळा आहे, तिथले मास्तर ३१ तारखेला येऊन यंत्रं, रंधे, पटाश्या, सगळं घेऊन जातील. पोरांच्या उपयोगी पडेल. त्याची आवराआवर करायची आहे आणि गुडघाही थंडीत कुरकुरतो. वाढदिवसाचा आशीर्वाद पत्रातून घ्या.

मोडका गाडा जपून ठेवायचं कारण नाही. पेटीत खेळणी राहतील. दांडी मात्र टाकू नकोस. कधी कोणी इकडे येणार असेल तर त्याच्याबरोबर पाठव.

खुंटीला उभी राहू दे. घाई करू नका. ठोकलेली खुंटी आपली आपण निघाली म्हणजे झालं.

आमची आठवण ठेवा, जमेल तशी.

तुझा
सासरा


दि. १५ डिसेंबर

चि. सूनबाईला पोटभर आशीर्वाद, माझ्या नातीला पापे, मुलाला काही नाही, कारण तो फोन करत नाही.

मी हे लिहिते आहे ते यांना कळू देऊ नकोस. भाजी आणते म्हणून निघाले आणि पोस्टात येऊन बसले. पेन पोस्टाचं आहे, सुतळीने टेबलाला बांधलेलं, आणि सुतळी आखूड आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. मागे एक गृहस्थ पेनाची वाट बघत उभे आहेत. त्यांना मी दोनदा सांगितलं की सुनेला लिहायचं आहे, लवकर संपणार नाही.

बाई गं, सात कलमं लिहिलीस आणि त्यात गाडा मिळाला, आवडला, एवढं एक वाक्य नाही.

तुला माहीत नाही म्हणून सांगते, आम्हीच सांगितलं नव्हतं. तो उन्हाळ्यातला ताप उतरला तेव्हापासून यांचा उजवा हात थरथरतो. चहा बशीत सांडायला लागला तसा यांनी कप डाव्या हातात घेतला आणि कोणाला काही कळलंच नाही, असा चेहरा केला. मीही तसाच केला. पण कारखान्याला कुलूप लागलं. सकाळी उठून कपडे करून बसायचे आणि खिडकीतून कुलपाकडे बघायचे. कारखाना अंगणापलीकडेच, दुसरीकडे बघायचं म्हटलं तरी तोच दिसतो.

मग एक दिवस जेवताना म्हणाले, खुंटीला पांगुळगाडा करतो. तो नीट झाला तर कारखाना ठेवायचा, नाही झाला तर शाळेला देऊन टाकायचा. एवढं बोलले आणि आमटी वाढ म्हणाले. नंतर त्यावर अवाक्षर नाही. महिनाभर आत बसून होते. मला दार उघडायची बंदी. मधूनच काहीतरी खाली पडल्याचा आवाज यायचा आणि मग बराच वेळ काहीच आवाज यायचा नाही, तेव्हा मी आपली कांदा चिरत बसायची, डोळ्यांना कारण हवं म्हणून. झाला तेव्हा दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि खोका स्वतः खांद्यावर घेऊन पार्सलवाल्याकडे गेले. माणूस आपल्या लग्नाला इतका नटला नव्हता.

आणि ते खळगे. आपल्या मुलाचा लहानपणचा पाळणा कारखान्याच्या माळ्यावर पडून होता. त्याचा वरचा कठडा म्हणजे तुझी ती दांडी. दात येत होते तेव्हा पोरगं त्या कठड्याला उंदरासारखं कुरतडायचं. मी त्यावर कडू औषध लावून पाहिलं, ते चाटून पुन्हा कुरतडायचं. तू ज्याला हत्यार म्हणालीस ते तुझ्या नवऱ्याचे दुधाचे दात आहेत. यांनी बाकीचा कठडा घासून आरशासारखा केला आणि तेवढ्या जागेवरून हात वळवून नेला.

तू खोटं लिही असं माझं म्हणणं नाही. तुला ते जमायचं नाही, आणि यांना ते पचायचं नाही. पण काहीतरी लिही. रोज तुझं पत्र घेऊन अंगणापलीकडे जातात आणि सातव्या कलमावर बोट ठेवून बसतात.

गृहस्थ आता खाकरायला लागले. थांबते. माझ्यावर आहे तो जीव असू दे.

तुझी
पोस्टातली सासू


दि. १८ डिसेंबर

ती. आईंना
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुम्ही लिहिलंत हे बाबांना कळू न देणं मला जमणार नाही. खळग्यांबद्दल मला दुसरीकडून कळायला मार्ग नव्हता, आणि त्याबद्दल लिहिल्याशिवाय माझ्या पत्राची दुरुस्ती होत नाही. त्यांना मी आजच लिहिते आहे, पण आधी तुम्हाला सांगते, म्हणजे मागून केलं असं होणार नाही.

तुमच्या मुलाला मी खळगे दाखवले. त्यांनी दांडी हातात घेतली, मग तोंडाजवळ नेऊन दात जुळतात का ते पाहिलं. अर्थात जुळले नाहीत. तरी बराच वेळ पाहत होते. आज ते तुम्हाला फोन करतील. मी सांगितलेलं नाही, त्यांनीच ठरवलं.

आभारांबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे.

रागावलात तर पोस्टातून लिहा. माया असावी, या पत्रानंतरही.

तुमची
सून


दि. १८ डिसेंबर

ती. बाबांना
शि. सा. न. वि. वि.

हे दुरुस्तीचं पत्र आहे. आईंनी मला काही गोष्टी कळवल्या आहेत. ते तुम्हाला कळू नये अशी त्यांची इच्छा होती. मी त्यांना सांगून तुम्हाला सांगते आहे, तेव्हा रागवायचं असेल तर माझ्यावर.

सातवं कलम चुकीचं होतं. खळगे कोणाचे ते आता मला माहीत आहे. जे माहीत नव्हतं त्याबद्दल मी ‘असाव्यात’ असं लिहिलं, ते लिहायला नको होतं.

पाचवं कलम अपुरं होतं. दांडी मोडल्यावर मी मोडलेली जागा नीट पाहिलीच नव्हती, फरशी पुसायला घेतली होती. काल भिंग घेऊन पाहिली. लाकूड एका जुन्या भोकातून मोडलं आहे. भोक सरस आणि भुशाने भरून वरून रंग जुळवलेला आहे. पाळण्याचा कठडा तिथे स्क्रूने बसवलेला असणार. दांडी ज्या दोन सांध्यांनी खांबांत बसवली आहे ते दोन्ही सांधे जागच्या जागी आहेत. मोडकी दांडी मी उजव्या सांध्याजवळ कापून काढली आणि सांध्यांत उरलेल्या दोन्ही तुकड्यांना आळीपाळीने बादली टांगली, काठोकाठ भरून. काही झालं नाही. उजवीकडचा सांधा मला हाताने हलवता आला नाही, तुमच्या चिरंजीवांनाही आला नाही. त्यांनी जोर करताना कोपराने टेबलावरचा दिवा पाडला.

हात थरथरतो असं आईंनी लिहिलं, म्हणून मी थरथरीची खूण शोधली. एक सापडली. डाव्या खांबाच्या खाचेत करवत एकदा घसरली आहे आणि तुम्ही तिथे कागदाइतकी पातळ चीप बसवून ती जागा भरली आहे. शोधल्याशिवाय दिसत नाही. ताकदीत तिने काही फरक पडलेला नाही. बाकी कुठेही काही नाही, आणि मी शोधायला बसले की नीट शोधते हे तुम्हाला माहीत आहे.

एक कलम राहिलं होतं, ते आता लिहिते.

८. गाडा सुंदर आहे. पेटीचे कोपरे आतूनसुद्धा गोल केलेत, तिथे कोणाचा हात जाणार नव्हता तरी. हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. लिहिलं नाही, कारण आमच्या अहवालात त्याला जागा नसते. आभारी आहे.

मी वस्तू का तपासते हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. ज्याच्या भरवशावर मुलीला सोडायचं, ते मी आधी ओढून पाहते. मग मात्र सोडते, पुन्हा वळून बघत नाही. पाळणाघराच्या बाईंना मी पहिल्या दिवशी इतके प्रश्न विचारले की शेवटी त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. आता दारातून मुलगी त्यांच्या हातात देते आणि सरळ कामावर जाते. बाकीच्या आया काचेतून डोकावत उभ्या असतात.

खुंटीला गाडा म्हणजे सध्या फक्त पेटी. ती आत बसते, तिचा बाबा दोरीने ओढतो आणि वळणावर तोंडाने गाडीचा आवाज काढतो. सुट्टीच्या भेटवस्तू यायला लागल्या आहेत. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी तिला लोकरीची टोपी दिली. तिने टोपी बाजूला टाकली आणि वेष्टनाचा कागद घेतला. कागद दोन दिवस टिकला. त्या बाई रोज विचारतात टोपी होते का, आणि मी सांगते की अजून घालून पाहिलेली नाही.

शेवटचा मुद्दा. किल्ली द्यायचं कारण माझं पहिलं पत्र असेल, तर ते पत्र आता बदललं आहे. याची नोंद घ्यावी.

लोभ ठेवावा. चूक धरून ठेवू नये.

आपली
सून


दि. २१ डिसेंबर

चि. सौ. सूनबाईस
अनेक आशीर्वाद.

दुरुस्ती वाचली. तुझी सासू आता भाजीला निघाली की मी पिशवीत पाकीट आहे का ते बघतो. ती म्हणते, सून पोलिसात जायला हवी होती. पण मुलाचा फोन आल्यापासून तिचा पाय जमिनीवर नाही.

चीप सापडली म्हणतेस. मला वाटलं होतं ती फक्त मला आणि देवाला माहीत आहे. करवत घसरली तेव्हा मी बाहेर येऊन पायरीवर बसलो होतो. मग आत गेलो आणि कोपर टेबलाला टेकवून, मनगटाला पट्टा बांधून उरलेलं काम केलं. तसं जमतं. हळू होतं, पण जमतं. हाताचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस, मीही सोडलं आहे.

पण भोकाचं लिहिलंस म्हणून मलाही लिहायला हवं. भोक होतं हे मला माहीत होतं. मीच भरलं. ते वर ठेवलं असतं तर दिसलं असतं, म्हणून दांडी फिरवून ते खाली घेतलं. खाली म्हणजे दांडीवर भार आला की जिथे लाकूड ताणलं जातं नेमकं तिथे. हे पहिल्या महिन्यातल्या शिकाऊ पोरालाही कळतं. मला कळत होतं. खळगे तिच्या हाताखाली यावेत एवढंच डोक्यात होतं. आणि उस्तादांनी घालून दिलेली रीत, की माल आधी आपल्या भाराखाली घालायचा, ती मी या एका वेळी पाळली नाही, कारण मोडेल अशी धास्ती होती. मोडेल अशी धास्ती असलेली वस्तू मी खोक्यात भरून नातीला पाठवली. परक्या गिऱ्हाइकाला मी ती दिली नसती.

तुझी बादली नसती तर काय, हे मी रोज मनात बघतो. बादलीचे आभार तुझ्यापेक्षा मी मानायला हवेत.

तेव्हा तुझ्या पत्राने किल्ली जात नाही. हात थरथरला तर कोपर टेकता येतं. नजरच आपल्याला हवं तेवढं बघायला लागली तर तिला कुठे टेकवायचं? अशा माणसाने थांबावं. मास्तर ३१ तारखेला येतील. माझ्याकडून हा विषय संपला.

आवरताना एक लहान रंधा सापडला, तळहाताएवढा. तो शाळेला न देता बाजूला ठेवला आहे, खुंटीसाठी. पातं काढून ठेवलं आहे, नाहीतर तू आधी तेच काढायला सांगशील.

दांडीचं काय केलंस ते लिहिलं नाहीस.

घरच्यासारखं लिहितेस, तसंच लिहीत जा.

तुझा
सासरा


दि. २४ डिसेंबर

ती. बाबांना
शि. सा. न. वि. वि.

आजपासून सुट्टी. ओढायच्या यंत्रावरची चांदणी शेवटच्या दिवशी फाटली. चिकटपट्टी लावून तिथेच ठेवली आहे.

दांडीचं आधी सांगते. कापलेलं टोक सोपं होतं, मोडलेलं टोक मी काचकागदाने घासून गोल केलं. तुम्ही पाहिलंत तर हसाल, ते गोल कमी आणि चेपलेल्या बटाट्यासारखं जास्त आहे. पण कुसळ नाही, गालावर फिरवून पाहिलं. मग ती खेळण्यांबरोबर पेटीत ठेवली. खुंटीने बाकी सगळं बाहेर फेकून दांडी उचलली आणि डाव्या बाजूलाच चावायला सुरुवात केली. जुन्या खळग्यांशेजारी आता नवे पडले आहेत. काही दिवसांनी कोणते कोणाचे ते मला भिंगातूनही सांगता येणार नाही.

काल संध्याकाळी ती पेटीला टेकून उभी होती. दांडी दोन्ही हातांत आडवी धरलेली, त्यामुळे पेटी धरायला हात मोकळा नव्हता. मी समोर कपडे घड्या करत होते, तिचा बाबा खिडकीचा पडदा सरकवत होता. रस्त्यावरचे दिवे लागले. ती खिडकीकडे वळली आणि चालत गेली. घाई नाही, धडपड नाही. गाड्याची दांडी धरावी तशी ती पुढे धरलेली होती, फक्त पुढे गाडा नव्हता. खिडकीपाशी पोहोचल्यावर तिने दांडी काचेवर आपटली. तिचा बाबा पडदा धरून तसाच उभा राहिला आणि मग खाली बसला.

मी दांडी तिच्या हातातून काढून घेतली आणि तिला पुन्हा उभी केली. ती उभी राहिली, खुंटीसारखी, आणि मग हळूच बसली. दांडी परत दिली. उठली आणि चालली. तुमच्या चिरंजीवांनी मला सांगितलं की आता हे पुरे, ही प्रयोगशाळा नाही. मी आज सकाळी पुन्हा करून पाहिलं. तसंच झालं.

दांडी कशालाही जोडलेली नाही हे तिला माहीत नाही. आपण काहीतरी धरलं आहे, एवढंच तिला कळतं आणि तेवढं तिला पुरतं. तेव्हा माझं म्हणणं असं: भार घेण्यासाठी ती दांडी योग्य नव्हती, हे मी मागे घेत नाही. धरून चालण्यासाठी ती योग्य आहे. तुम्ही लाकूड चुकीचं निवडलं नाहीत, जागा चुकीची निवडलीत. गाड्याला नवी दांडी हवी. ही तिच्या हातात राहील.

आता किल्लीबद्दल. विषय संपला असं तुम्ही लिहिलंत. माझ्याकडून तो संपलेला नाही. आमच्याकडे एका नमुन्यावरून कारागिराबद्दल निकाल देत नाहीत. नमुना मोडला की त्याच कारागिराकडून दुसरा मागवतात आणि तो आमच्यासमोर भाराखाली घालतात. हा नियम मी केलेला नाही, पण मला तो बरोबर वाटतो. दुसरा नमुना तुम्ही इथे करावा. लाकूड तुम्ही निवडायचं, बघायला मी असेन. आपलं जेवायचं टेबल मी ओढून पाहिलं आहे, ते हलत नाही आणि त्याच्यावर कोपर टेकता येतं. मनगटाचा पट्टा आणा, रंधा आणा, तो लहानही आणा. नवी दांडी बसली की मी चहा करीन. बादली भरेपर्यंत तुम्ही तो फुंकून फुंकून प्या.

तोपर्यंत किल्ली तुमच्याकडे राहावी आणि मास्तरांना पुढची तारीख द्यावी. दुसराही मोडला तर मी स्वतः तसं लिहून देईन, तुम्हाला माहीतच आहे.

आणखी एक, हे अहवालात बसत नाही. भोक होतं, मीच झाकलं, हे तुम्ही मला स्वतःहून लिहिलंत. इतकी वर्षं मी मोडलेल्या वस्तू बघते आहे. प्रत्येक कारखाना वाहतुकीचं कारण सांगतो. असं लिहून देणारे तुम्ही पहिले. ज्याच्या भरवशावर मी मुलीला सोडेन आणि वळून बघणार नाही, अशा माणसांत मी तुम्हाला धरते. आधी सांगितलं नव्हतं, कारण तपासणी व्हायची होती.

लोभ तुमचा आहेच, तो मी मागत नाही. उत्तर मागते आहे. तिकिटांची खिडकी ३० तारखेपासून सुट्टीसाठी बंद राहणार आहे. पत्र वेळेत पोहोचत नसेल तर आईंनी फोनवर हो किंवा नाही एवढंच सांगितलं तरी चालेल, साखर न घालता. तुम्ही दोघं येता की नाही, हे २९ तारखेपर्यंत कळवावं.

तुमची
सून